भाकरी, सुई आणि सावली

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीला जायची बांधाबांध सुरू होते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, कुठल्याही रस्त्याला जा, हेच दिसतं. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, ट्रॅक्टर दारात लागलेला असतो. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, पाण्याचा पिंप, बांबू, ताडपत्री असं एकेक चढत जातं. सगळं रचून झालं की कुणी न बोलावता एक कुत्रं उडी मारून त्या ढिगावर बसतं.

पुढचे पाच-सहा महिने त्याचा मुक्काम साखर कारखान्याच्या परिसरातल्या कोपीच्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीच्या, दारात. नवरा-बायकोचा एक कोयता अंधारातच फडावर जातो. कोपीत उरतात लहानगं पोर, पिठाचा डबा आणि हे कुत्रं. कोपीला भिंत नाही, कडी नाही. तिथलं कुलूप म्हणजे ते कुत्रंच.

आणि जी कुत्री गावात राहतात? दिवाळीनंतर गल्ल्या ओस पडतात. म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं सोडली, तर घरोघरी कुलूप. ज्या दारात रोज चतकोर मिळायची, त्या दारात मोत्या किंवा वाघ्या बसून राहतो.

आपल्याकडे 'कुत्रं पाळलंय' याचा अर्थ 'भाकरी टाकतो' असा होतो. भाकरीवर कुत्रं राहतं, राखणही करतं. पण त्यानं जगावं, निरोगी राहावं आणि त्याच्यापासून घराला धोका होऊ नये, यासाठी भाकरीखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात : सुई आणि सावली. दोन्हींना पैसा फार लागत नाही, लक्ष लागतं.

पिल्लू उचलण्याआधी

डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावाचं नाव जगभरच्या बातम्यांत आलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती आणि पिल्लं मरत होती. २५० पिल्लांचा आकडा फिरला, 'वानरांचा सूड' असे मथळे झाले. शेवटी वन विभागानं दोन वानरं पकडून नेली. वन्यजीवांच्या अभ्यासकांना सुडाची गोष्ट पटली नव्हती आणि आकड्याविषयीही शंका होत्याच. पण छतावर नेलेलं पिल्लू का मरतं, याचं उत्तर सरळ आहे. काही पिल्लं वरून पडतात, बाकीची दुधावाचून आणि उबेवाचून जातात. जन्मल्यानंतरचे दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. आईचं पोट हीच त्याची शेगडी.

लऊळच्या वानरांना आपण नावं ठेवली, पण हिवाळ्यात कुत्री व्याली की आपली पोरं वेगळं काय करतात? डोळे उघडतात न उघडतात तोच पिल्लू शर्टात घालून घरी आणतात, वाटीत गाईचं दूध ठेवतात, आणि चार दिवसांनी ते हगवण लागून मरतं. पिल्लू आईजवळ निदान आठ आठवडे राहायला हवं. दूध तर मिळतंच, शिवाय भावंडांशी खेळताना दात किती जोरात लावायचे हे ते तिथंच शिकतं. पुढे मुलांच्या हाताला ओरखडा न काढणारं कुत्रं याच शाळेत तयार होतं.

साधारण तीन ते चौदा आठवडे हा पिल्लाचा जग ओळखायचा काळ. या दिवसांत त्यानं बैल, कोंबड्या, मोटारसायकल, फेटेवाला म्हातारा आणि रडणारं पोर पाहिलं, तर मोठेपणी ते यांना पाहून बिथरत नाही. हेच दिवस साखळीला बांधून काढले, तर पुढे दिसेल त्याच्यावर भुंकणारं, भेदरलेलं जनावर हाती येतं.

पाळायचं कोणतं, हाही प्रश्न आहे. बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या शहरांत आता हस्की आणि रॉटवायलर दिसतात. हस्की हे सैबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढणारं जनावर. अंगावर दुहेरी लोकर घेऊन ते आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली धापा टाकतं. उलट बारीक अंगाचा, लांब पायांचा, आखूड केसांचा कारवानी कुत्रा दख्खनच्या माळावरच घडलेला आहे, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव त्यासाठी ओळखलं जातं. त्याचाच सख्खा म्हणावा असा मुधोळ हाउंड २००५ साली टपाल तिकिटावर आला. आणि गल्लीतलं साधं गावठी पिल्लूही या हवेला इतकं मुरलेलं असतं, की पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यानं त्याच्यापुढे जाऊच नये.

भाकरी : काय घालावं, काय घालू नये

भाकरी कुत्र्याला पचते का? पचते, आणि त्यामागे हजारो वर्षांचा इतिहास आहे. २०१३ साली 'नेचर' या शोधपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र त्या कितीतरी पट असतात. माणसानं शेती सुरू केली, त्याच्या उष्ट्या-खरकट्यावर जे जगू शकले ते त्याच्या दारात राहिले. ज्वारीची भाकरी खाणारं कुत्रं म्हणजे आपल्या शेतीचं जिवंत बखरपान आहे.

पण पचते म्हणजे पुरते असं नाही. नुसत्या भाकरीवर वाढलेल्या पिल्लाच्या बरगड्या दिसतात, पोट मात्र सुटतं. सोबत प्रथिनं हवीत : उकडलेलं अंडं, फोडणी न घातलेलं वरण, दही, किंवा खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या काळज्या, मीठ-मसाला न घालता उकडून. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, मोठ्याला दोन वेळा ठरल्या वेळी. वय वाढलं की बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि पातळ होतं. अशा कुत्र्याला दुधाऐवजी दही किंवा ताक घालावं.

आता घालू नये ते. चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याच्या भरताचा नैवेद्य असतो आणि त्यातला घास कुत्र्यालाही घालतात, कारण कुत्रा हा खंडोबाचा सोबती. चातुर्मासात वर्ज्य असलेला कांदाही याच दिवशी पुन्हा ताटात येतो. घोटाळा इथंच होतो. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. वरचेवर मिळाले तर कुत्रं फिकं पडतं, दमायला लागतं, लघवी गडद होते. खंडोबाचा मान राखावा, रोडगा जरूर घालावा. कांदा-लसणाचं भरीत तेवढं आपण खावं.

द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर जातात, चॉकलेटमधला थिओब्रोमिन हृदय आणि मेंदू बिघडवतो. शिजवलेलं हाड दाताखाली सुईसारखं फुटतं आणि आतड्यात रुततं. जत्रा-कंदुरीनंतर कुत्री अचानक खायची सोडतात, त्यामागे पुष्कळदा हेच हाड असतं. माणसाची तापाची गोळीही कुत्र्याला देऊ नये. पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन आपल्याला उतार देतात, कुत्र्याच्या जिवावर उठू शकतात.

सुई

रेबीज ही सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणून ती नीट समजून घेऊ. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला विषाणू चाव्यातून शिरतो आणि नसांच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी काही दिवस, कधी वर्षही. चावा चेहऱ्याला किंवा डोक्याला असेल तर वाट जवळची. लहान मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकी, म्हणून मुलांना धोका जास्त. लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. पण ती दिसण्याआधी लस घेतली तर आजार अडवता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरनं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो जगला. पाश्चरचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

कुत्रं चावलं तर सगळ्यात आधी धावायचं ते नळाकडे. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम १५ मिनिटं धुवायची. या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं आणि साबण ते मोडतो, इतकं साधं त्यामागचं शास्त्र आहे. हळद, चुना, तिखट भरायचं नाही, मंत्र घालणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवायचा नाही. मग सरकारी दवाखाना गाठायचा. तिथं ही लस मोफत मिळते. कातडीत टोचायच्या पद्धतीनं ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी घेतात. जखम खोल असेल तर तयार प्रतिपिंडांचं औषध जखमेत आणि तिच्याभोवती टोचावं लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावं. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवतात. पण दहा दिवस वाट पाहून मग लस, असं करू नये. लस लगेच सुरू करावी.

हे सगळं टाळायचा मार्ग स्वस्त आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली सुई, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा, आणि पुढे दरवर्षी एक. त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांचं असताना, पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांवरची लस सुरू करावी आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं तिच्या मात्रा पूर्ण कराव्यात. पार्व्होत रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. त्याचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो, म्हणून 'आमच्या घरी पिल्लू जगतच नाही' असं म्हणणाऱ्या घरात करणी-बाधा शोधण्याऐवजी ब्लीचिंगच्या पाण्यानं जमीन धुवावी आणि पुढचं पिल्लू सुई देऊनच आणावं.

जंत पिल्लाच्या पोटात आईच्या गर्भातूनच येतात. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंताचं औषध हवं. अंगणात खेळणाऱ्या मुलांसाठीही ते गरजेचं आहे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतली जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात.

जनावरांचा सरकारी दवाखाना फक्त गाई-म्हशींचा, असा आपला समज असतो. कुत्र्याला घेऊन तिथं जायला लाजू नये. शस्त्रक्रियेसारखं मोठं काम निघालं तर परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कुत्री असेल तर नसबंदीचा विचार जरूर करावा. ती वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते, एका वेताला चार-सहा पिल्लं होतात, आणि त्यातली किती घरात जातात आणि किती रस्त्यावर, हे आपल्याला ठाऊक आहे.

सावली

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो फक्त पंज्यांच्या गादीला येतो. त्याचं अंग थंड करायचं यंत्र म्हणजे जीभ. धापा टाकताना जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी उडून जातं आणि त्याबरोबर उष्णता जाते. पोटात पाणीच नसेल तर हे यंत्र बंद पडतं. दर किलो वजनामागं दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर. मे महिन्यात त्याहून जास्त. टँकरच्या गावात एवढं पाणीही मोजून द्यावं लागतं, पण भांडं सावलीत ठेवलं तर त्यातलं पाणी वायाही कमी जातं.

बांधायचं ते लिंबाखाली किंवा मातीच्या भिंतीच्या आडोशाला, पत्र्याखाली नव्हे. आणि झाडाची सावली दिवसभर सरकत असते, साखळी सरकत नाही. सकाळी दहाला सावलीत बांधलेलं कुत्रं दुपारी दोनला उन्हात असतं. फिरवायचं तर दिवस उगवायच्या आत किंवा मावळल्यावर. डांबरावर आपला उलटा तळहात सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंज्यालाही सोसणार नाही.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, चालताना झोक जातो. अशा वेळी पोट, काख आणि पंजे साध्या पाण्यानं ओले करावेत, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

पावसाळ्याचं संकट वेगळं, गोचिडाचं. एक मादी हजारो अंडी घालते आणि तीही कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतींच्या भेगांत. म्हणून कुत्र्यावर औषध आणि भिंतींवर काहीच नाही, असं केलं तर महिन्याभरात गोचीड परत. गोचिडातून रक्तात परजीवी शिरतात. ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, चहाच्या रंगाची लघवी दिसली तर थांबू नये. रक्त तपासलं तर यावर उपचार आहेत. आणि एक कळकळीची सूचना : कपाशीवर मारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. त्यानं गोचिडाबरोबर कुत्रंही मरतं. जखमेत अळ्या झाल्या तर पेट्रोल किंवा फिनेलही नको. डॉक्टर अळ्या काढून जखम साफ करतात आणि ती भरते.

रोजची दहा मिनिटं

बैलाच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय आपला शेतकरी झोपत नाही. तोच हात कुत्र्याच्या अंगावरून फिरला की निम्मे आजार लवकर कळतात. कानाच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीखाली पाहावं. ओठ उचलून हिरडी गुलाबी आहे का बघावं. आज भांडं रिकामं झालं का, शी नेहमीसारखी होती का, हे लक्षात ठेवावं. याला दहा मिनिटं लागतात.

त्या दहा मिनिटांत आपल्यालाही काही मिळतं. २०१५ साली जपानी संशोधकांनी 'सायन्स' या शोधपत्रिकेत दाखवून दिलं, की कुत्रं आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाचं नातं घट्ट करणारं हेच संप्रेरक. माणसाळवलेल्या लांडग्यांत तसं आढळलं नाही. पोरं शहरात, सून फडावर आणि आपण ओसरीवर एकटे, अशा म्हाताऱ्या माणसाला मोत्या पायाशी येऊन बसला की बरं का वाटतं, याचं शास्त्रीय उत्तर हे आहे.

शिकवायला काठी लागत नाही. नावानं हाक मारल्यावर आलं की लगेच भाकरीचा तुकडा, एवढं पुरतं. मारलेलं कुत्रं शिकत नाही, फक्त घाबरतं, आणि घाबरलेलंच कुत्रं चावतं. मुलांनाही एक नियम शिकवावा : खाताना, झोपेत आणि पिल्लांजवळ असताना कुत्र्याला हात लावायचा नाही.

पोळ्याला बैलाची पूजा होते, कुत्र्याला असा सण आपल्याकडे नाही. नेपाळात मात्र आहे. आपल्या नरक चतुर्दशीच्या दिवशी तिकडे 'कुकुर तिहार' असतो, कुत्र्यांना टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे त्याच दिवशी पहाटेपासून सुतळी बॉम्ब फुटतात. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० पर्यंत, आणि दूरचा बारीक आवाजही ते आपल्याआधी टिपतं. त्या चार दिवसांत ते आतल्या खोलीत असावं, अंगणात साखळीला नव्हे.

दिवाळी सरली की पुन्हा ट्रॅक्टर दारात येतो. कुत्रं सोबत न्यायचं असेल तर एक ध्यानात ठेवावं. उसाच्या मुलखात बिबट्या आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला ३९ टक्के वाटा पाळीव नि भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणून रात्री कुत्रं कोपीबाहेर बांधून ठेवू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, आणि त्याच्या वासावर आलेला बिबट्या कोपीशी येतो. गावात ठेवून जायचं असेल तर 'बघा जरा' असं सगळ्यांना सांगण्यापेक्षा एकाच माणसाला सांगावं आणि सहा महिन्यांचं धान्य त्याच्याकडे टाकून जावं. सगळ्यांचं कुत्रं शेवटी कुणाचंच नसतं.

आणि निघण्याआधी, उचल हातात आली की एक चक्कर जनावरांच्या दवाखान्यात मारावी. परक्या मुलखात आपलं कुत्रं कुणाला चावलं, तर पहिला प्रश्न विचारला जातो : 'सुई दिली होती का?' त्याचं उत्तर कागदावर असावं. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड आणि आधारकार्ड ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत कुत्र्याच्या लसीचं कार्डही ठेवा.